मदत हवी आहे: नागपूरहून नाशिकची वाइनरी, फक्त दोघं, एक वीकेंड. कसं जमवायचं?

मिहानचा_मुसाफिर | सोमवार, ५ जानेवारी, रात्री ११:४०
पटकन मदत करा. बायको आणि मी, दोघांनीच नाशिकला जायचं ठरवून राहिलो आहे. द्राक्षबागेजवळ राहायचं, संध्याकाळी निवांत बसायचं, बस. मी वर्षभर बेंगळुरूला होतो, दिवाळीनंतर परत आलो. तेव्हापासून आमचं बोलणं म्हणजे सिलिंडर लावला का, ट्यूशनची फी भरली का आणि कूलरचा पंप कुठे ठेवला. दोन दिवस यातलं काही नको.
समृद्धीने गाडी न्यावी का ट्रेन? सुला वाइनरी का दुसरं काही? गूगलवर जो तो मुंबई-पुण्याहून कसं जायचं तेच सांगून राहिला. उद्यापर्यंत बुक करायचं आहे. पेंच, ताडोबा सुचवू नका, करून झालं.

झिल्पी_तलाव | ११:५२
दोन दिवसांसाठी सहाशेच्या वर किलोमीटर काहून जाता राजेहो? पेंचला जा. खुर्सापार गेट, दीड-दोन तासात पोचता.

मिहानचा_मुसाफिर | ११:५३
शेवटची ओळ वाचा.

झिल्पी_तलाव | ११:५५
वाचली. सिल्लारी गेट केलं असेल तुम्ही. खुर्सापार वेगळं आहे.

तर्री_स्पेशल | मंगळवार, सकाळी ७:१०
समृद्धी. प्रश्नच नाही. शिवमडक्याला चढायचं, सिन्नरपाशी उतरायचं, तिथून नाशिक हाकेच्या अंतरावर. पहाटे पाचला निघालो होतो, दुपारचं जेवण नाशकात केलं. १२० ची मर्यादा आहे, त्यावर जाऊ नका, चलान घरी येते. निघण्याआधी टायरची हवा बघून घ्या. नागपूर-शिर्डी डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झालं तेव्हापासून मी ट्रेनमध्ये पाय ठेवला नाही.

रुळावर_जीव | ७:४५
आणि टोल? एका बाजूचाच हजाराच्या वर जातो. पेट्रोल वेगळं. सरळ रस्ता, दोन्हीकडे काही नाही, तासाभरात डोळे जड होतात. समृद्धीवरच्या अपघातांत चालकाची डुलकी हे मोठं कारण निघालेलं आहे. दोन दिवसांत जाऊन-येऊन पंधरा तास स्टिअरिंग धरणारा माणूस बायकोशी काय गप्पा मारणार?
सेवाग्राम एक्स्प्रेस घ्या. रात्री नागपूरहून बसा, सकाळी नाशिकरोड. येतानाही तीच, संध्याकाळी नाशिकरोडला बसा, सकाळी घरी. विदर्भ एक्स्प्रेस जाताना घेऊ नका. ती पहाटेच उतरवते आणि हॉटेलवाले दुपारपर्यंत खोली देत नाहीत.

तर्री_स्पेशल | ७:५८
आम्ही गप्पा गाडीतच मारतो. ट्रेनमध्ये वरच्या बर्थवर कोणी तिसराच घोरत असतो.

रुळावर_जीव | ८:०३
तुमच्या गाडीत कोण घोरत असतं ते वहिनींना विचारा.

गंगापूररोडकर | ९:२०
नाशिकचा आहे म्हणून लिहितो. आधी सांगा: तारीख कोणती? बजेट किती? मुलं आहेत का, आणि त्यांचं काय करणार? "वीकेंड" एवढ्यावर कोणी काय सांगणार.

मिहानचा_मुसाफिर | ९:४१
तारीख २४-२५, अजून कोणती असणार. मुलगा आजीकडे राहील. बजेट म्हणजे, उधळायचं नाही, पण ढेकणांच्या लॉजवरही जायचं नाही.

गंगापूररोडकर | १०:०५
अहो, २६ सोमवारी आहे! म्हणजे सलग तीन दिवस सुट्टी. अर्धी मुंबई आणि उरलेलं पुणे त्या तीन दिवसांत गंगापूर धरणाच्या रस्त्यावर असतं. सुलाच्या वळणावर गाड्यांची रांग लागते. टेस्टिंगला नंबर लावून उभं राहायचं, मग मागून ढकलत ढकलत पाच-सहा प्रकारचे दोन-दोन घोट घ्यायचे. निवांत वगैरे विसरा. राहण्याचे दरही त्या दिवसांत चढलेले असतात. त्यात सिंहस्थ २०२७ ची कामं, शहरातले रस्ते ठिकठिकाणी खणलेले.
शिवाय २६ जानेवारी ड्राय डे. सोमवारी कुठेच एक थेंब मिळणार नाही.
मधल्या वारी या. गुरुवारी आलात तर बाग तुमचीच.

मिहानचा_मुसाफिर | १०:११
मधल्या वारी जमत नाही. २४ च पाहिजे.

गंगापूररोडकर | १०:१४
का?

सदाचारी_सीताबर्डी | १०:३०
नवरा-बायकोत बोलणं होत नाही म्हणून दारू प्यायला जायचं? त्यापेक्षा त्र्यंबकेश्वर करा, नाशकापासून तासाभरावर आहे. समृद्धीने गेलात तर शिर्डीही होते. वाइन म्हणजे शेवटी दारूच. २०२२ च्या जानेवारीत सरकार ती सुपरमार्केटात विकू द्यायला निघालं होतं, अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला, मग थांबलं.

कोथरूडचा_कोपरा | १०:४४
वाइन दारूच असेल तर मग द्राक्षासव काय आहे? तेही आंबवूनच करतात.

सदाचारी_सीताबर्डी | १०:५०
ते औषध आहे.

कोथरूडचा_कोपरा | १०:५१
हो, आमच्या आळीतले एक गृहस्थ ते ताटभर जेवणासोबत घ्यायचे.

दिंडोरीचा_बागायतदार | ११:३५
वादात पडत नाही. बागेचं सांगतो. तुम्ही बाग बघायला येणार असाल तर महिना महत्त्वाचा. वाइनच्या द्राक्षांची तोडणी जानेवारी ते मार्च चालते. शेनिन ब्लाँ, सोव्हिन्यॉ ब्लाँ या पांढऱ्या जाती साधारण आधी येतात, शिराझ, कॅबरने या काळ्या नंतर. तोडणी पहाटेच्या गारव्यात करतात, कारण ऊन चढलं की माल तापतो आणि टाकीत जाण्याआधीच बिघडायला लागतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी झाली की नुसती खोडं आणि तारा उरतात. तेव्हा येऊन फोटो काढणारे लोक बघितले की मला हसू येतं.
खायची द्राक्षं मांडवावर असतात, वाइनची तारेवर, भिंतीसारखी उभी. दोन ओळींमधून चालता येतं, तेच बघण्यासारखं. पण तोडून खाऊ नका. फवारणी असते. आणि ती द्राक्षं तुम्हाला आवडणारही नाहीत, छोटी, जाड सालीची, बियांनी भरलेली.

ऑरेंज_सिटी_७७ | ११:५०
मग हे नागपुरात काहून होत नाही? आपल्याकडे संत्री होतात तर द्राक्षं का नाही? सरकारचं विदर्भाकडे लक्षच नाही.

दिंडोरीचा_बागायतदार | दुपारी १२:२०
नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास, तुम्ही तीनशेच्या. आमच्याकडे हिवाळ्यात दिवसा ऊन आणि रात्री निफाडसारखी थंडी. दिवसाने साखर भरते, रात्र आंबटपणा टिकवून धरते. तुमच्याकडे फेब्रुवारी संपता संपता पारा चढायला लागतो. सरकारचं मात्र खरं आहे, २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आलं तेव्हा वाइन पार्क निघाले ते नाशिक-सांगलीकडे. तसं संत्र्याला कोणी विचारलं नाही.

ऑरेंज_सिटी_७७ | १२:२४
तेच म्हणून राहिलो मी.

पमाकाकू | दुपारी २:१५
बावाजी, एक विचारते. बायकोला माहीत आहे का? आणि ती बिचारी घेत नसेल तर तिथे काय करणार? माझ्या भाचीला असंच नेलं होतं नवऱ्याने. तो मित्रांसारखा ग्लास फिरवत बसला, ही तीन तास फिंगर चिप्स खात होती. तिच्यासाठी आधी काहीतरी ठरवा. बोट क्लब आहे गंगापूर धरणावर. पांडवलेणी आहेत. पैठणीला येवलंही आहे. आणि पिऊन गाडी चालवू नका, दोघांची काळजी वाटते.

गंगापूररोडकर | २:३०
काकूंना +१. न पिणाऱ्यांसाठीही काही अडचण नसते. वाइनरीत फेरफटका असतो, मोठ्या स्टीलच्या टाक्या, ओकची पिंपं, सगळं दाखवतात. वहिनींना फेरी आवडेल, द्राक्षाचा रस वगैरे मिळतो. तुम्ही टेस्टिंग करा. पण रात्री तिथून परत यायला रिक्षा-टॅक्सी मिळेल या भरवशावर राहू नका. गाडी आधीच ठरवा.

मिहानचा_मुसाफिर | २:५२
मी घेत नाही. कधीच घेतली नाही. वाइन तिला आवडते. बँकेच्या ट्रेनिंगला पुण्याला गेली होती तेव्हापासून. तिनेच मागे एकदा म्हटलं होतं, कधीतरी बाग बघायची आहे. तिला माहीत नाही, सरप्राइज आहे. गाडी मीच चालवणार.

पमाकाकू | २:५५
अगोबाई.

कोथरूडचा_कोपरा | २:५७
धाग्याला आत्ता चव आली.

सदाचारी_सीताबर्डी | ३:०१
मी यावर काही बोलत नाही.

रुळावर_जीव | ३:१०
बँक म्हणजे २४ चा हट्ट त्यासाठी! चौथा शनिवार. हे पहिल्याच ओळीत लिहिलं असतं तर गंगापूररोडकरांचे तीन प्रतिसाद वाचले असते.

वर्धा_रोड_वासी | ३:२५
येताना बाटल्या आणणार असाल तर सावध. समृद्धी वर्धा जिल्ह्यातून जाते आणि तिथे दारूबंदी आहे. माझ्या ओळखीच्या एकाला पोलिसांनी गाडी थांबवून डिकी उघडायला लावली होती.

तर्री_स्पेशल | ३:३१
महामार्गावरून नुसतं जाणाऱ्याला कोण थांबवतं?

रुळावर_जीव | ३:३६
थांबवलं तर? ट्रेनही वर्ध्यावरूनच जाते म्हणा. कायद्याचं इथे ठरवू नका, उत्पादन शुल्क खात्याला विचारा.

वर्धा_रोड_वासी | ३:४०
गडचिरोलीतही बंदी आहे. चंद्रपुरात २०१५ ला केली, २०२१ ला उठवली. ताडोब्याच्या रिसॉर्टवाल्यांची तेव्हा...

मिहानचा_मुसाफिर | ३:४२
बाटली आणायची असं मी कुठे लिहिलं? आणि गडचिरोली कुठून आलं? राहायची जागा सांगा कोणीतरी.

द्राक्षलता | ४:२०
राहण्याचं मी सांगते, आम्ही दोघं गेल्या वर्षी गेलो होतो, अकोल्याहून. सुलाची स्वतःची रिसॉर्ट आहेत, छान आहेत, पण शनिवारी तिथे गजबज. पहिल्यांदाच जात असाल तर सुलाची फेरी करा, कारण ती व्यवस्थित समजावून सांगतात. संध्याकाळ मात्र यॉर्क वाइनरीत घालवा. तिथून धरणाचं पाणी दिसतं, मावळतीला बसायला जागा मिळाली की उठवत नाही. सोमा वाइनरीही त्याच रस्त्याला. आणखी शांत हवं असेल तर इगतपुरीकडे मुकणे धरणापाशी व्हॅलोने आहे, पण ते नाशिक शहरापासून लांब, एका वीकेंडला दोन्ही बाजू करू नका.
आम्ही राहिलो होतो तिथे शेजारच्या लॉनवर लग्न होतं, रात्री बारापर्यंत डीजे. बुक करताना "जवळ मंगल कार्यालय आहे का" हे फोनवर विचारा. हसू नका. वेबसाइटवर ते कधीच दिसत नाही.
आणि स्वेटर न्या. बागेत सूर्य गेला की गारठतं.

मिहानचा_मुसाफिर | ४:२८
ही मदत. धन्यवाद.

द्राक्षलता | ४:३३
पण सरप्राइज नको हो. तिला सांगा. बँकवाल्यांचं काही ना काही असतं. शिवाय जानेवारी आहे.

मिहानचा_मुसाफिर | ४:३५
जानेवारीचं काय?

पमाकाकू | ४:३९
हळदीकुंकू! रथसप्तमी २५ ला आहे. २४ म्हणजे त्याआधीचा शेवटचा शनिवार. विचार घरी जाऊन.

मिहानचा_मुसाफिर | रात्री १०:१५
विचारलं. २४ ला आमच्याचकडे आहे. पन्नास बायका. वाणाचे स्टीलचे डबे गेल्या आठवड्यात आले, मी कपाटावर पाहिले होते, मला वाटलं भिशीचे असतील. बाकी जाऊ म्हणाली. पुढचा मोकळा शनिवार सांगा.

रुळावर_जीव | १०:२२
दुसरा-चौथा शनिवार धरला तर १४ फेब्रुवारी नाहीतर २८.

तर्री_स्पेशल | १०:२५
१४! व्हॅलेंटाइन! ठरलं!

गंगापूररोडकर | १०:३१
ठरलं काय? १४ ला वाइनरीत पाय ठेवायला जागा नसते आणि दुसऱ्या दिवशी, १५ ला, महाशिवरात्र आहे. त्र्यंबकला सगळा महाराष्ट्र लोटतो. त्या दिवसांत नाशकात खोली शोधू नका. २८ ला या. तोडणी तोवर संपत आलेली असेल, पण काळी द्राक्षं वेलीवर मिळतील. होळी त्यानंतर आहे.

दिंडोरीचा_बागायतदार | १०:४०
२८ ला अनुमोदन. फक्त अवकाळी आला नाही पाहिजे, तुमच्यापेक्षा आमच्यासाठी.

झिल्पी_तलाव | १०:४४
२८ ला पेंचमध्ये पानगळ झालेली असते, वाघ दिसायची शक्यता जास्त.

मिहानचा_मुसाफिर | बुधवार, रात्री ९:०५
झालं. शुक्रवार २७ ची सेवाग्राम, येताना रविवार संध्याकाळची. सोमवारी सकाळी नागपूर, दहाला ती बँकेत. राहायची जागा तिनेच शोधली, धरणाच्या बाजूला एक छोटा होमस्टे, वाइनरीच्या आत नको म्हणाली. मंगल कार्यालयाचंही तिनेच फोनवर विचारलं. शनिवारी सकाळी सुलाची फेरी, संध्याकाळी यॉर्क. रविवार रिकामा ठेवायचा, कोणी काही सुचवू नका.

तर्री_स्पेशल | ९:१२
रविवारी सकाळी चुलीवरची मिसळ. आपल्या तर्री पोह्याची सर नाही, पण खाऊन या.

गंगापूररोडकर | ९:१५
सर नाही? दोन्ही एका टेबलावर ठेवून बोला.

नंदनवन_निशा | ९:३०
हाच धागा वापरते. आईबाबांना मार्चमध्ये त्र्यंबकला न्यायचं आहे, वाइन नाही. सेवाग्रामला दोघांना खालचा बर्थ मिळेल का?

रुळावर_जीव | ९:३४
तिकीट काढताना ज्येष्ठ नागरिक कोटा निवडा. पण त्या तिकिटावर फक्त ते दोघंच हवेत, तुमचं नाव त्यात घातलं की कोटा लागत नाही. तुमचं वेगळं काढा. वय किती आहे आईबाबांचं?