लाकडाची शेगडी: शिक्का आणि यादी
लंडनमधील घरासाठी ‘इकोडिझाइन’ शिक्क्याची (म्हणजे प्रदूषण व कार्यक्षमतेचे ठरावीक निकष पाळणारी) लाकडाची शेगडी पुरेल का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते तेवढ्यावर विसंबू नये. लंडनचा बहुतांश भाग धूरनियंत्रण क्षेत्रात, म्हणजे धुराड्यातून धूर सोडण्यावर निर्बंध असलेल्या भागात, येतो. तेथे लाकूड जाळायचे असेल तर नेमके ते मॉडेल डेफ्राच्या (ब्रिटनच्या पर्यावरण खात्याच्या) सवलतप्राप्त शेगड्यांच्या यादीत असावे लागते, आणि धुराड्यातून धूर निघाल्यास इंग्लंडमध्ये ३०० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. यादीतील शेगडीची हवेची झडप बहुधा पूर्ण बंद होत नाही, कारण हवा तोडली की लाकूड धुमसते. खोलीच्या मानाने मोठी शेगडी घेतली की उकाडा टाळण्यासाठी ती मंद ठेवली जाते आणि तेथेच धूर सुरू होतो. म्हणून कमी किलोवॅटची, म्हणजे कमी उष्णता देणारी, शेगडी घ्यावी. लाकडातील ओलावाही २० टक्क्यांहून अधिक नसावा.