तुमच्या आठवणीतली नाझिया हसन

परवा पुतणीच्या हळदीत डीजेने 'आप जैसा कोई' लावलं आणि गुडघेदुखीचं कारण सांगून कोपरा धरून बसलेल्या तीन मावश्या एकदम उठल्या. पुतणी मला विचारते, "काका, ही आशाबाईंची लहानपणची का?"

म्हटलं, अगं बाई, ही नाझिया हसन. जन्म कराचीचा, १९६५ सालचा, वाढली लंडनला. तिथेच फिरोज खानने तिला हेरलं आणि बिद्दूकडे नेलं. बिद्दू मूळचा बंगळूरचा. त्याच्या 'कुंग फू फायटिंग'ने १९७४ साली विलायत नाचवली होती. 'कुर्बानी'ला संगीत कल्याणजी-आनंदजींचं, हे एकच गाणं बिद्दूचं. शब्द इंदीवर यांचे. पडद्यावर झीनत अमान, आणि आवाज शाळेत जाणाऱ्या जेमतेम पंधरा वर्षांच्या मुलीचा! सिनेमा १९८० चा, आणि पुढच्याच वर्षी फिल्मफेअर हिच्या हातात.

तर मंडळी, तुमच्याकडे या मुलीच्या काय आठवणी आहेत? गाण्याचं रसग्रहण नको, ते सगळीकडे मिळतं. तुमच्या घरात, गल्लीत, गावात काय झालं ते लिहा.

साताऱ्याची ताई

मी हे गाणं स्टेजवर म्हटलेलं आहे. हसू नका.

१९८१ चे गणपती. आमच्या ऑर्केस्ट्रात लताबाईंची गाणी म्हणणाऱ्या एक बाई होत्या, त्यांनी साफ सांगितलं, "हे गाणं नाही, बोलणं आहे. मी नाही म्हणणार." मी तेव्हा सोळा वर्षांची, कोरसमध्ये उभी राहायचे. शिक्षण काय, तर आजीच्या भजनी मंडळात टाळ. काकांनी (ऑर्केस्ट्रा त्यांचा, आम्ही सगळे त्यांना काकाच म्हणायचो) माझ्याकडे बोट केलं.

गाणं सोपं वाटायचं. ताना नाहीत, हरकती नाहीत. पण तालमीत काही केल्या रेकॉर्डसारखं वाजेना. माझा आवाज चिमणीसारखा, आणि तिचा तेवढाच कोवळा असून कसा भरलेला! काकांनी एकोचं बटण फिरवून फिरवून पाहिलं, तर मी विहिरीत पडल्यासारखी ऐकू यायला लागले. शेवटी आमचा गिटारवाला म्हणाला, अहो, ही एकटी गातच नाहीये, नीट ऐका. खरंच होतं. बिद्दूने तिचा आवाज दोनदा घेऊन एकावर एक चढवला होता. आमच्याकडे असलं यंत्र कुठलं? मग काकांनी माझ्या धाकट्या बहिणीला दुसरा माईक देऊन पडद्यामागे उभं केलं. आमचे आवाज सारखे, घरात आईलासुद्धा हाक कोणी मारली ते कळायचं नाही.

बूट भावाचे गमबूट. त्यांना पत्र्याला मारतात तो चंदेरी रंग दिलेला. दिव्यांच्या उष्णतेने तो पाघळला आणि दुसरं कडवं येईतो माझ्या पोटऱ्यांना चिकटला. रॉकेलने घासून काढला, तरी आठवडाभर पाय चमकत होते. शाळेत बाईंनी विचारलं, तर म्हटलं ग्रहण लागलंय. काहीही!

वडील पहिल्या रांगेत मान खाली घालून बसले होते. घरी आल्यावर एवढंच म्हणाले, "पदर नव्हता."

कॅसेटवाला, कोल्हापूर

आमचं गाणी भरून द्यायचं दुकान होतं. गिऱ्हाईक वहीच्या पानावर यादी लिहून आणायचं, आम्ही एलपीवरून साठच्या किंवा नव्वदच्या कॅसेटवर उतरवून द्यायचो. 'डिस्को दिवाने' ही तबकडी १९८१ ला आली. एचएमव्हीची. यात सिनेमाच नव्हता, हे लोकांना पटवणं हेच आमचं काम झालं. "पिक्चर कुठला?" पिक्चर नाही. "मग हीरो कोण?" हीरो नाही हो, तिचा भाऊ आहे, झोहेब. "भावाबरोबर असली गाणी?" दिवसातून दहा वेळा हा संवाद.

एक निवृत्त मास्तर यायचे, धोतर, काळी टोपी. दोन्ही बाजूंना एकच गाणं भरून द्या म्हणाले, शेवटपर्यंत. नातवासाठी असेल म्हणून मी विचारलं नाही. तीन महिन्यांनी परत आले. "फीत ताणली गेली, आवाज घोगरा येतोय. पुन्हा भरा." नातू वगैरे कोणी नव्हता.

षड्ज

कौतुकात थोडं मीठ टाकतो. आमच्या घरी गाण्याची शिकवणी. वडिलांच्या मते हा आवाज म्हणजे सर्दी झालेली मुलगी जिन्यातून बोलतेय. रेडिओवर लागली की ते उठून बंद करायचे. मलाही आजतागायत ती थोर गायिका वाटत नाही. आवाजाला पल्ला नाही, अनुनासिक आहे, आणि अर्धं श्रेय बिद्दूच्या बेस गिटारचं आहे.

मात्र एक सांगायला हवं. शिकवणीला एक मुलगी होती, तिला सहा महिने यमन काही साधेना. एक दिवस वडील यायच्या आधी तंबोऱ्यावर हेच गाणं म्हणत बसली होती. वडील दारात थांबले, पूर्ण ऐकलं, आणि आत येऊन म्हणाले, "आज पट्टी कुठली धरलीस? तीच ठेव." त्या दिवसापासून तिची पट्टी दीड स्वराने खाली आली आणि मुलगी गायला लागली. इतकी वर्षं आम्ही तिला उगाच चढ्या पट्टीत ताणत होतो. नाझियाचं नाव मात्र वडिलांनी घेतलं नाही ते नाहीच.

धागाकर्ता

@षड्ज, मीठ पोचलं. बाकी ती थोर गायिका होती असं तिने स्वतःही कधी मानलं असेल असं वाटत नाही. सगळं ऐन भरात असताना शिकत राहिली, कायद्याची पदवी घेतली, संयुक्त राष्ट्रांत नोकरी केली. १९९२ च्या 'कॅमेरा कॅमेरा'नंतर अल्बमच नाही. आपल्याकडे एक गाणं चाललं की माणूस पुढची तीस वर्षं त्याच्यावर जत्रा करतो.

पुण्याचा पोरगा

मी २०१२ च्या बॅचचा. 'स्टुडंट ऑफ द इयर'मधलं डिस्कोचं गाणं आम्हाला नवीनच वाटलं होतं. बाबांनी जेवता जेवता सांगितलं की मूळ गाणं कोणाचं. मी शोधलं आणि म्हटलं, बाबा, ही तर पाकिस्तानी. त्यांचा घास हातातच राहिला. त्यांना तोवर माहीत नव्हतं! कॉलेजात तिचं पोस्टर लावलं होतं म्हणे. दोन मिनिटांनी म्हणाले, "असू दे. तेव्हा कुणी विचारलं नव्हतं." आणि आमटी वाढून घेतली.

हेंडनकर

मी लंडनला १९९८ मध्ये आले. नवऱ्याची नोकरी, मी घरी, बाळ लहान. १३ ऑगस्ट २००० ला नाझिया गेली. फुप्फुसाचा कॅन्सर, वय ३५. माझंही तेव्हा तेच वय, आणि तिचाही मुलगा लहान. बातमी वाचून मी बाटली उकळायला ठेवलेली विसरले, पातेलं करपलं.

तिला हेंडनच्या दफनभूमीत ठेवलंय, हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं, आणि आम्ही राहायचो तिथून बसने वीस मिनिटांवर. एका नोव्हेंबरात गेले. फुलं न्यावीत की नाही कळेना, आपल्याकडे अशी पद्धत नाही, म्हणून पिशवीत दोन शेवंती लपवून नेल्या. एवढी मोठी जागा असेल याची कल्पना नव्हती. ओल्या पानांतून तासभर नावं वाचत फिरले. चारला अंधारायला लागलं, फाटक बंद करायची वेळ झाली, सापडली नाही. शेवंती घरी आणून देवापुढे ठेवल्या. नवऱ्याने विचारलं, आज काय आहे? म्हटलं, काही नाही.

पडद्यामागची

वरच्या साताऱ्याच्या ताईची धाकटी बहीण मीच. तिने धाग्याची लिंक पाठवली म्हणून आले. सगळं खरं आहे, फक्त तिने एक गाळलंय. दुसऱ्या कडव्याला पायाचं बघण्याच्या नादात बाईसाहेब शब्द विसरल्या आणि नुसत्या ओठ हलवत उभ्या राहिल्या. ते अख्खं कडवं मी एकटीने म्हटलंय. वन्स मोअर त्यालाच आला होता. काकांनी तिला तीस रुपये दिले आणि मला एक वडापाव.

ताई, पंधरा रुपये अजून येणे आहेत.