मदत हवी आहे: फेब्रुवारीत बाबांना घेऊन आयला बेटावर तीन दिवस

नमस्कार मंडळी,

मी ग्लासगोत राहते. बाबा सध्या माझ्याकडे आले आहेत. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात त्यांना आयलाला, म्हणजे स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या, व्हिस्कीसाठी प्रसिद्ध असलेल्या बेटावर न्यायचं ठरवतेय.

बाबांनी सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत ३१ वर्षं काढली. मळीचं स्पिरिट, ते सलग गाळणारे उंच कॉलम, हंगामात रात्रपाळ्या. व्हिस्कीसाठी तांब्याच्या पॉट स्टिलमध्ये (मोठ्या हंड्यासारख्या भांड्यात) एकेक घाणा दोनदा उकळून काढतात, हे त्यांनी फक्त वाचलंय. ते स्वतः पीत नाहीत. त्यांना काम बघायचंय. बार्ली भिजवून, फरशीवर पसरून, फावड्याने उलटत मोड आणायचे आणि मग पीटच्या (दलदलीतल्या जळाऊ मातीच्या) धुरावर वाळवायची, हे स्वतःच्या आवारात करणाऱ्या डिस्टिलऱ्या आता थोड्याच उरल्यात. आयलावर लाफ्रॉइग, बोमोर आणि किलहोमन. थंडीत त्या फरशीवर काम चालू असतं का? टूरमध्ये तिथे नेतात का? आधी ईमेल करून 'हे याच धंद्यातले आहेत' असं सांगितलं तर कुणी निवांत बोलतं का? माझ्यासाठी हाच सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे.

दुसरी काळजी बोटीची. मुख्य भूमीवरच्या केनाक्रेगहून बेटावरच्या पोर्ट एलेन बंदराला सव्वादोन तास लागतात, पण वारा सुटला की फेऱ्या रद्द होतात. विमान पाऊण तासात पोचवतं, पण हवेचा भरवसा त्यालाही नाही. बाबांचं मुंबईचं विमान १ मार्चला आहे. मध्ये दोन दिवस मोकळे ठेवलेत. पुरतील?

राहायचं पोर्ट एलेनला की बोमोर गावात? पोर्ट एलेनहून लाफ्रॉइग, लागावुलिन, आर्डबेग या तीन डिस्टिलऱ्यांपर्यंत पायवाट आहे, साधारण पाच किलोमीटर. बाबा चालतात, पण उजवा गुडघा बदललेला आहे आणि समोरून समुद्राचा वारा. गाडी नेली तर मीच चालवणार. गाडी चालवताना इथली मद्याची मर्यादा इंग्लंडपेक्षा कडक आहे, त्यामुळे मी एक घोटही घेणार नाही. तेवढ्यासाठी गाडी बोटीवर चढवावी, की बेटावरच्या बसवर भागतं? रविवारी काय करता?

बाबा शाकाहारी आहेत, म्हणून स्वयंपाकघर असलेलं घर बघतेय. बेसन, ज्वारीचं पीठ इथूनच नेईन.

वेळ उरला तर बेटावरच्याच ग्रुइनार्टला ग्रीनलंडहून आलेले बार्नेकल हंस बघायचेत. शेजारचं जुरा बेट या खेपेला सोडून द्यावं असं वाटतंय. पलीकडे जाणारी छोटी फेरी अडकली तर पंचाईत.

हिवाळ्यात वडीलधाऱ्यांना घेऊन कुणी गेलं असेल तर कृपया सविस्तर लिहा. बोटीचं आरक्षण शुक्रवारपर्यंत करायचंय.