शेजाऱ्याशी वैर असताना त्याचं गाणं मुंबईत व्हावं का?

काळीपांढरी

मी दादरला घरीच पियानो शिकवते. गेल्या रविवारी मोठ्या मुलांना अमेरिकन पियानोवादक व्हॅन क्लायबर्नने वाजवलेला चायकोव्स्कीचा पहिला कॉन्चेर्टो (पियानो आणि वाद्यवृंदासाठीची रचना) ऐकवला आणि त्यामागची हकिगत सांगितली. मुलांना न्यायला आलेल्या एका वडिलांनी दारातच विचारलं, "असं आपल्याकडे, पाकिस्तानी कलावंतांबाबत, का होत नाही?" त्यांच्या मागे उभ्या असलेल्या एका आईने तितक्याच पटकन म्हटलं, "होऊच नये." जिन्यात दोघांची अर्धा तास बोलाचाली झाली. मला तिथे नीट काही बोलता आलं नाही, म्हणून इथे चर्चेसाठी लिहिते आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ऑक्टोबर १९५७ मध्ये रशियाने स्पुटनिक सोडला आणि अमेरिकेला हुडहुडी भरली. पुढच्याच एप्रिलमध्ये मॉस्कोत पहिली चायकोव्स्की स्पर्धा झाली. तिथे टेक्सासहून आलेला २३ वर्षांचा उंचच्या उंच मुलगा, हाच क्लायबर्न, अंतिम फेरीत चायकोव्स्कीचा पहिला आणि राखमानिनोवचा तिसरा कॉन्चेर्टो वाजवून गेला, आणि सभागृह उभं राहिलं ते खाली बसेना. परीक्षकांत एमिल गिलेल्स आणि स्व्यातोस्लाव रिख्टर हे रशियाचे बडे पियानोवादक होते. पहिलं बक्षीस अमेरिकन माणसाला द्यायचं तर वरून होकार हवा. रशियाचा तेव्हाचा नेता ख्रुश्चेव, त्याने एवढंच विचारलं म्हणतात, की तो सगळ्यांत चांगला आहे का? मग द्या त्याला. क्लायबर्न परतला तेव्हा न्यूयॉर्कने त्याची मिरवणूक काढली.

ही गोष्ट सांगून झाली की कोणीतरी म्हणतंच, संगीताला सीमा नसतात. मला हे वाक्य कधीच पटलेलं नाही. संगीताला घराणी असतात, आणि मॉस्कोत त्या रात्री जे घडलं ते घराण्यामुळे घडलं असं माझं ठाम मत आहे. क्लायबर्नला न्यूयॉर्कच्या जुलियार्डमध्ये शिकवणाऱ्या रोझिना लेविन किएव्हमध्ये जन्मलेल्या, मॉस्को कॉन्झर्वेटरीत घडलेल्या. ते भरदार, गाणारे सूर, तो ऐसपैस श्वास मॉस्कोच्या श्रोत्यांनी लहानपणापासून ऐकला होता. आपल्याच घराण्याचा गायक परमुलखातून घरी यावा, तसा तो त्यांना भेटला.

आता आपल्याकडे बघा. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले. त्यांच्या शिष्या रोशनआरा बेगम मुंबईत राहत होत्या, १९४८ मध्ये पाकिस्तानात गेल्या. त्यांची जुनी ध्वनिमुद्रणं लावा आणि पाठोपाठ त्याच घराण्याच्या हिराबाई बडोदेकर लावा. स्वर लावण्याची तीच रीत. मिरजेचं गाणं पंजाबात जाऊन राहिलं आणि आपण त्याला परकं म्हणायला लागलो.

ऑक्टोबर २०१५ मध्ये पाकिस्तानचे गझलगायक गुलाम अली यांचा मुंबईच्या षण्मुखानंद सभागृहातला कार्यक्रम शिवसेनेच्या विरोधामुळे रद्द झाला. पुढच्या जानेवारीत ते कोलकात्यात गायले. मला त्या दिवशी मुंबईची लाज वाटली होती आणि आजही वाटते. माझं म्हणणं एका वाक्यात: तणाव आहे तेव्हाच हे दार उघडं ठेवण्याला अर्थ आहे.

वसंत डोंबिवली

ताई, तुम्ही मनापासून लिहिलंय म्हणून मीही मनापासून विरोध करतो.

पहिलं, तुमची तुलना बसत नाही. १९५८ साली अमेरिका आणि रशिया एकमेकांना धमक्या देत होते. एकमेकांच्या स्टेशनात शिरून तिकिटाच्या रांगेतल्या माणसांवर गोळ्या झाडत नव्हते. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री माझ्या साडूचा मुलगा सीएसटीला कसारा लोकलची वाट बघत होता. वाचला. त्या हल्ल्यात १६६ माणसं गेली. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामला २६ जण गेले, त्यांतले तिघे आमच्या डोंबिवलीचे. त्या संध्याकाळी अंत्ययात्रा निघाली तेव्हा मी रस्त्याच्या कडेला उभा होतो.

दुसरं, क्लायबर्नने वाजवलं, पुढे काय झालं? १९६० मध्ये रशियाने अमेरिकेचं हेरविमान पाडलं. १९६१ मध्ये बर्लिनची भिंत. १९६२ मध्ये क्युबावरून जग अणुयुद्धाच्या दारात. पूल झाला असेल तर त्यावरून कोण चालत गेलं?

तिसरं, आणि माझ्यासाठी हेच मुख्य. चाळीत कुणाकडे मयत झाली तर आपण आपल्या घरचा रेडिओ बंद करतो. रेडिओवर गाणाऱ्यावर आपला राग असतो म्हणून नव्हे. शेजारच्या घरात रडणं चालू असतं म्हणून. गुलाम अलींच्या गळ्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे, कॅसेटी आहेत माझ्याकडे. पण सुतकात मैफल नसते.

सूरपेटी

एक दुरुस्ती. मॉस्कोत आधी ग्लेन गूल्ड गेला होता, मे १९५७ मध्ये, म्हणजे स्पुटनिकच्याही आधी. कॅनडाचा पियानोवादक, तिथे त्याचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं, सभागृह बरंचसं रिकामं होतं. मध्यंतरात लोकांनी बाहेर जाऊन ओळखीपाळखीच्यांना फोन केले आणि उत्तरार्धात सभागृह भरून गेलं. स्पर्धा, बक्षीस, मिरवणूक यांतलं काहीच तिथे नव्हतं. मला क्लायबर्नपेक्षा ही गोष्ट जास्त जवळची वाटते.

षड्जपंचम

वसंतरावांचा निष्कर्ष मला मान्य आहे, कारण मात्र वेगळं आहे.

काळीपांढरी यांनी पहिल्या बक्षिसाची गोष्ट सांगितली. दुसऱ्या बक्षिसाची सांगायला हवी. ते लेव व्लासेन्को आणि चीनच्या लिउ शिकुन यांना विभागून मिळालं. लिउ तेव्हा एकोणीस वर्षांचे. त्याच मंचावर वाजवलं, त्याच श्रोत्यांनी टाळ्या दिल्या. आठ वर्षांनी चीनमध्ये सांस्कृतिक क्रांती सुरू झाली, पाश्चात्त्य संगीत वाजवणारा तो गुन्हेगार ठरला. लिउंना तुरुंगात टाकलं, मारहाणीत त्यांच्या हाताचं हाड मोडलं. पियानोवादकाचा हात. कित्येक वर्षं त्यांना वाद्याला शिवता आलं नाही. क्लायबर्नवर फुलं उधळली गेली आणि लिउंचा हात मोडला, यांत वादनाच्या प्रतीचा काही संबंध नाही. एका सरकारला कलावंत हवा होता, दुसऱ्याला नको होता, इतकंच.

आणि त्या स्पर्धेच्या संयोजन समितीचे प्रमुख कोण होते? रशियन संगीतकार शोस्ताकोविच. दहाच वर्षांपूर्वी, १९४८ मध्ये, पक्षाने त्यांचं संगीत जनतेला परकं म्हणून धिक्कारलं होतं, नोकरी काढून घेतली होती. तेच पुढे यजमान म्हणून उभे. मला त्या चित्रात पूल दिसत नाही, कलावंताच्या खांद्यावर ठेवलेला सरकारचा हात दिसतो.

आपल्या मुंबईचे झुबिन मेहता सप्टेंबर २०१३ मध्ये बव्हेरियन स्टेट ऑर्केस्ट्रा घेऊन श्रीनगरच्या शालिमार बागेत गेले. त्यांच्या हेतूबद्दल मला तिळमात्र शंका नाही. काश्मिरी वादकांनाही त्यांनी सोबत घेतलं होतं. पण कार्यक्रम निमंत्रितांसाठी, बाहेर बंदोबस्त आणि शहरात बंद. ज्यांच्यासाठी बीथोवन वाजला असं म्हटलं गेलं ते आपापल्या घरात होते.

काळीपांढरी

लिउ शिकुन यांची गोष्ट मी मुलांना सांगितली नव्हती. सांगायला हवी होती. पण तिच्यातून मी उलटा अर्थ काढते. सरकारं कलावंताला हवं तेव्हा डोक्यावर घेतात आणि हवं तेव्हा मोडतात, हे खरं. मग कुणाचं गाणं कधी ऐकायचं हे आपण श्रोत्यांनी तरी त्यांच्या तालावर का ठरवायचं?

वसंतकाका, तुमच्या पहिल्या मुद्द्यावर मी वाद घालणार नाही. तुम्ही रस्त्याच्या कडेला उभे होता, मी नव्हते. भिंत झाली, क्युबाही झालं, हे खरं. संगीत युद्ध थांबवतं असं मी म्हटलेलं नाही, म्हणणारही नाही.

पण सुतकाबद्दल विचारते. सुतकाला मुदत असते. दहाव्याला, तेराव्याला घर पुन्हा उघडतं, देवाला दिवा लागतो. आपल्या पूर्वजांनी ती मुदत घातली कारण ती नसती तर दुःख घरात कायमचं बसलं असतं. हे आपलं सुतक कधी फिटतं, आणि ते ठरवतं कोण? २०१५ मध्ये ते मयताच्या घरच्यांनी ठरवलं नव्हतं.

गिरणगावकर

दोन्ही बाजू वाचल्या. दोघांनाही विचारतो, हे सगळं चाललंय कुठे? नरिमन पॉइंटला आणि षण्मुखानंदला. आमच्या लालबाग-परळच्या माणसाच्या आयुष्यात पियानो कधी आला? दोन संस्कृती जोडायच्या म्हणता, तर शहराच्या आतच एक मोठी दरी आहे आणि ती सिग्नलपलीकडेच आहे.

तरी परकं वाद्य आमच्यात आलं नाही असं नाही. पेटी. हार्मोनियम युरोपात जन्मलं, साहेबाबरोबर आणि पाद्र्यांबरोबर इथे आलं. पायपेटीवर संगीत नाटकं उभी राहिली, गोविंदराव टेंब्यांनी तिला मैफलीत मान मिळवून दिला. पुढे शहाण्यांनी ठरवलं की या वाद्यात मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) निघत नाही, श्रुती (सुरांमधली बारीक अंतरं) बसत नाहीत, म्हणून ते आपलं नव्हे. आकाशवाणीवर १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला बंदी होती. स्वातंत्र्य आलं तरी बंदी उठली नाही. त्या एकतीस वर्षांत आमच्या चाळीतल्या भजनी मंडळाची पेटी एक गुरुवार थांबली नाही. माझे आजोबा गिरणीची पाळी संपवून येऊन वाजवायचे. ती फ्रान्सची की जर्मनीची, हे त्यांना कुणी विचारलं नाही, आणि त्यांनीही विचारलं नाही.

म्हणून मला वाटतं, दिव्यांच्या झगमगाटात झालेल्या एका रात्रीने काही जोडलं जात नाही. शंभर वर्षं रोज वाजवून जोडलं जातं. बोलावा किंवा नका बोलावू, त्या एका कार्यक्रमाला तुम्ही सगळेच फार वजन देताय.

सावनी व्हायोलिन

गिरणगावकर, पेटीबद्दल पूर्ण सहमत. पण रोज वाजवायला माणूस आत तर यायला हवा ना. सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया २००६ मध्ये नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रात सुरू झाला तो कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेनगालिएव्ह यांना सोबत घेऊन, आणि तिथले कितीतरी वादक त्यात बसतात. त्यांच्या शेजारी बसून आपली मुलं शिकतात. हे एका रात्रीचं काम नव्हतं, पण पहिली रात्र होतीच.

वसंतकाका, अगदी अलीकडचं सांगते. मार्च २०२२, युक्रेनवर हल्ला होऊन जेमतेम दोन आठवडे. मॉन्ट्रियलच्या ऑर्केस्ट्राने अलेक्झांडर मलोफेयेव्ह या वीस वर्षांच्या रशियन पियानोवादकाचे कार्यक्रम रद्द केले. त्याने युद्धाबद्दलचं दुःख उघड लिहिलं होतं, तरीही. त्याच जूनमध्ये टेक्सासला क्लायबर्नच्याच नावाच्या स्पर्धेने रशियन स्पर्धकांना वाजवू दिलं. टीका झाली, तरी मागे हटले नाहीत. पहिला आला दक्षिण कोरियाचा अठरा वर्षांचा युनचान लिम. दुसरी रशियाची आना गेनिउशेने, तिसरा युक्रेनचा दिमित्रो चोनी. तेव्हा युक्रेनमध्ये रोज माणसं मरत होती, सुतक चालूच होतं. चोनी तरीही त्या मंचावर उभा राहिला.

आणि मुंबईनेही हे केलेलं आहे. ख्याल-ठुमरीचे थोर गायक बडे गुलाम अली खाँ फाळणीनंतर पाकिस्तानात होते. ते परत आले, मोरारजी देसाईंच्या मदतीने भारताचे नागरिक झाले आणि मुंबईत राहिले. फाळणीच्या जखमा तेव्हा किती ताज्या असतील.

वसंत डोंबिवली

सावनी, बडे गुलाम अली खाँ इथे राहायला आले. या देशाचे झाले. त्यांना कुणी विरोध करेल तर मी त्यांच्या बाजूने उभा राहीन. पाहुणा म्हणून येऊन, गाऊन, बिदागी घेऊन परत जाणं निराळं.

चोनीबद्दल तू लिहिलंस ते मी दोनदा वाचलं. तो उभा राहिला कारण ते त्याने स्वतः ठरवलं. ज्याच्या घरचं माणूस गेलं त्याने ठरवलं तर मी कोण बोलणार? इथे मात्र ठरवणार संयोजक आणि तिकीट काढणारे आपण.

ताई, तेराव्याचा तुमचा प्रश्न मला रात्रभर पुरला. तुम्ही म्हणता मुदत हवी. मान्य. पण तेरावं व्हायच्या आत त्याच घरात पुन्हा मयत झाली तर सुतक पुन्हा मोजायचं की नाही? २००८ नंतर उरी, पुलवामा, पहलगाम. दरवेळी घर उघडायला गेलो की पुन्हा. आणि २०१५ ला ठरवणारे घरचे नव्हते, हे तुमचं बरोबर आहे. दमदाटी करून कार्यक्रम बंद पाडणं मला तेव्हाही आवडलं नव्हतं. लोकांनी आपणहून थांबावं असं मला वाटतं. सध्या माझं मत तेच आहे: घरी ऐका, कॅसेट लावा, मीही लावतो. सभागृह नको.

काळीपांढरी

काका, सुतक पुन्हा मोजायचं का, याला माझ्याकडे उत्तर नाही. खरंच नाही.

पण घरी ऐकणं आणि सभागृहात ऐकणं यांत मला फार फरक वाटतो. सूरपेटी यांनी गूल्डचं लिहिलं ना, मध्यंतरात माणसं उठून फोन करायला गेली, ते घरी कॅसेट लावून होत नाही. तिथे शेजारच्या खुर्चीत ज्याच्याशी आपलं पटत नाही असा माणूस असतो आणि समेवर दोघांचीही मान हलते. मला तुमच्या शेजारी बसून ऐकायला आवडेल. तुम्ही येणार नाही हे माहीत आहे.

या रविवारी ती "होऊच नये" म्हणणारी आई लेकीला न्यायला येईल. तिला थांबवून रोशनआरा ऐकवणार आहे. नाव लपवून ऐकवून मग सांगायचं, असं आधी मनात होतं. तसं करणार नाही. त्या कोण, मुंबईतून कुठे गेल्या, हे सगळं सांगून मग लावणार. त्यानंतर ती थांबली नाही, तर लेकीचा धडा तेवढा घेईन.