मदत हवी आहे : डेंटल हायजिनिस्टच्या विद्यार्थ्यांना तंबाखू सोडवण्याचे समुपदेशन कसे शिकवावे?

नमस्कार. मी एका दंत महाविद्यालयात डेंटल हायजिनिस्टच्या दोन वर्षांच्या पदविका अभ्यासक्रमाला शिकवते. दातांवरचे कीटण काढताना रुग्णाच्या तोंडाजवळ सर्वांत जास्त वेळ हीच मुले असतात, त्यामुळे तंबाखूचा विषय त्यांनीच काढावा हे मला पूर्णपणे पटते. मात्र तो काढायचा कसा, हे त्यांना शिकवणे मला जमत नाही.

विचारणे, सल्ला देणे, सोडण्याची तयारी पाहणे, मदत करणे आणि पुढची भेट ठरवणे या पाच पायऱ्या परीक्षेत सगळ्यांना लिहिता येतात. खुर्चीपाशी मात्र पहिलीच पायरी चुकते. मध्यंतरी एका विद्यार्थिनीने एका आजींना विचारले, ‘‘तंबाखू खाता का?’’ आजी ‘‘नाही गं बाई’’ म्हणाल्या आणि कागदावर ‘सवय नाही’ अशी नोंद झाली. हिरड्यांची अवस्था पाहून मी ‘‘मिशरी लावता का?’’ असे विचारले, तेव्हा ‘‘ती लावतेच की, दात घासायला नकोत का?’’ असे उत्तर आले. आजी खोटे बोलल्या नव्हत्या. तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली ती भुकटी त्यांच्या लेखी तंबाखू नव्हतीच. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरत असल्याचे, तर धूम्रपान करणारे अवघे ३.८ टक्के असल्याचे आढळले होते. आमच्या पाठ्यपुस्तकातील उदाहरणे मात्र बहुतेक सिगारेटचीच आहेत.

दुसरी अडचण वयाची आहे. एकोणीस वर्षांची मुलगी साठीच्या काकांना कर्करोगाची भीती घालते, ते हसून ‘‘तीस वर्षं खातोय’’ म्हणतात आणि संभाषण तिथेच संपते. कोणी ‘‘त्याशिवाय सकाळी पोट साफ होत नाही’’ म्हणाले, तर मुले गप्पच होतात. या मुलांचा सराव कसा घ्यावा आणि त्याचे मूल्यमापन कशावर करावे, याविषयी अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद

मॅडम, प्रथम नोंदीचा कागद बदला. ‘तंबाखू : होय/नाही’ हा रकाना काढून मिशरी, मळलेली तंबाखू, खर्रा, मावा, गुटखा, तपकीर, विडी अशी नावे छापा आणि प्रत्येक नाव उच्चारून विचारायला लावा. ‘‘सकाळी उठल्यावर पहिल्यांदा किती वेळाने?’’ हा प्रश्नही हवा, कारण सवय किती घट्ट आहे हे त्यावरून बरेचसे कळते.

पोटाची तक्रार थापेबाजी समजून झटकू नये. निकोटीन आतड्यांना चालना देते आणि ते बंद केल्यावर काही दिवस बद्धकोष्ठता होऊ शकते. ‘‘खरे आहे, सुरुवातीला त्रास होईल, पण तो कमी होत जातो, तोवर पाणी आणि पालेभाज्या वाढवा’’ असे सांगणाऱ्या मुलीवर काका विश्वास ठेवतात. वयाच्या संकोचावर मला सापडलेला उपाय साधा आहे : आधी ‘‘काका, याविषयी दोन मिनिटे बोलले तर चालेल का?’’ अशी परवानगी मागायची आणि मग हातात आरसा देऊन त्यांचाच पांढरा पडलेला गालाचा भाग त्यांना दाखवायचा.

तंबाखू सोडताना तलफ कमी करण्यासाठी देतात ते निकोटीनचे च्युइंगम प्रत्यक्ष हातात देऊन शिकवा. साध्या च्युइंगमसारखे सतत चघळले तर उचकी आणि मळमळ होते. चव तिखटसर लागली की ते गाल आणि हिरडी यांच्यामध्ये ठेवायचे असते. सुपारीमुळे ज्यांचे तोंड नीट उघडत नाही किंवा ज्यांना कवळी आहे, त्यांना ते अडचणीचे ठरते, म्हणून अशा रुग्णांना डॉक्टरांकडेच पाठवायला शिकवावे.

सरावासाठी मी विभागातील मावशींना रुग्ण व्हायला सांगते. त्या आमच्यापेक्षा अस्सल सबबी सांगतात. गुण देताना मी एकच गोष्ट मोजते : पहिल्या तीन मिनिटांत विद्यार्थी किती वाक्ये बोलला आणि रुग्ण किती. रुग्ण तयार झालाच, तर ‘‘घरी गेल्यावर फोन करा’’ म्हणून सोडू नये. १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय मदतक्रमांक खुर्चीतून उठण्यापूर्वीच त्याच्या फोनवरून लावून द्यावा.

धागाकर्ती

मनःपूर्वक आभार. कागद याच आठवड्यात बदलते. एक विचारायचे राहिले : ज्या घरात मिशरी सासूच भाजते आणि सुनाही लावतात, तिथे एकट्या सुनेशी बोलावे की पुढच्या भेटीला दोघींना एकत्र बोलवावे?