अलास्का क्रूझ: आईबाबांसाठी अस्वलं आणि नदीतली मासेमारी, कधी आणि कुठे?

प्रेषक: मेघना (बॉथेल)

नमस्कार मंडळी,

आईबाबा चिपळूणहून येतायत, मे ते सप्टेंबर इथेच आहेत, आणि ह्या वेळी त्यांना घेऊन सिअ‍ॅटलहून सात दिवसांची अलास्का क्रूझ करायची ठरलंय. जूनो, सिटका, केचिकन आणि परतताना व्हिक्टोरिया. बाबांनी आयुष्यभर वाशिष्ठीत गळ टाकलाय, रविवार म्हणजे खाडी असा माणूस, त्यांना नदीत उभं राहून मासा पकडायचाय. आईला अस्वल बघायचंय, तेही पिंजऱ्यातलं नको म्हणते. जहाजवाल्यांच्या यादीत दोन्हीच्या इतक्या टूर्स आहेत की मला काहीच कळेनासं झालंय, प्रत्येक फोटोत अस्वलाच्या तोंडात मासा आहेच. मे अखेरचं तिकीट बरंच स्वस्त पडतंय, ऑगस्टचं महाग. बाबा ७१, तब्येत ठणठणीत, आईचे गुडघे मात्र दुखतात. कुणी केलंय का हे? प्लीज सविस्तर लिहा.

उत्तर: प्रसाद (सॅमामिश)

मेघना, बाकीचं लोक सांगतीलच पण आधी कॅनडाचा व्हिसा काढ. आईबाबा भारतीय पासपोर्टवर आहेत ना? सिअ‍ॅटलहून सुटणारी जहाजं व्हिक्टोरियाला थांबतात ती हौसेने नाही. १८८६ चा अमेरिकन कायदा आहे, परदेशी झेंड्याच्या जहाजाला अमेरिकेतून निघून मध्ये परदेशी बंदर न घेता परत तिथेच माणसं आणून सोडता येत नाहीत. त्यामुळे संध्याकाळी काही तास का होईना ते कॅनडात जातंच, आणि तुम्ही खाली उतरला नाहीत तरी व्हिसा लागतो. आपल्या ओळखीतल्या एका कुटुंबाला चेक-इनच्या रांगेतून परत पाठवलं, बॅगा जहाजात जायच्या बेतात होत्या, आजी तिथेच बाकावर बसून रडल्या. ग्रीन कार्डवाल्यांना व्हिसा लागत नाही, पासपोर्ट आणि कार्ड दोन्ही जवळ ठेवायचं.

उत्तर: संध्या (टकोमा)

मेघना, मी दोनदा गेलेय, एकदा चुकीच्या वेळी आणि एकदा बरोबर वेळी, म्हणून जरा लांबलचक लिहिते.

पहिल्यांदा आम्ही मे महिन्यातच गेलो, स्वस्त म्हणूनच. अस्वल आणि मासेमारी अशी एकत्र टूर घेतली (कंपनीचं नाव लिहीत नाही), चार तास एका नदीकाठी उभे होतो, पाणी सुंदर, जंगल सुंदर, पण नदीत मासा नाही, त्यामुळे अस्वलही नाही. लांब खाडीच्या टोकाला एक तपकिरी ठिपका गवत खाताना दिसला. नंतर कळलं की मे-जूनमध्ये अस्वलं भरतीच्या पट्ट्यातलं गवत चरतात, नदीवर त्यांचं कामच नसतं. हे त्या लोकांना पैसे घेताना माहीत होतंच की! मला त्याचं अजून वाईट वाटतं, कारण सासूबाई बरोबर होत्या आणि त्यांचं परत येणं झालं नाही.

म्हणून टूरवाल्याला फोन करून पहिला प्रश्न हा विचार, की त्या आठवड्यात, त्या नदीत, कुठला मासा चढतो? ह्याचं नीट उत्तर जो देईल त्याच्याकडे बुकिंग कर. बाबांना हे एका वाक्यात समजेल, आपल्याकडे पहिल्या पावसाला चढणीचे मासे पऱ्याने वर शेतात येतात, अगदी तसंच आहे हे, फक्त इथे मासा समुद्रातून येतो आणि परत जात नाही. अंडी घातली की मरतो, पाचही जातींचे सॅमन मरतात. पिंक सॅमन तर दोनच वर्षं जगतो, त्यामुळे सम वर्षी चढणारे आणि विषम वर्षी चढणारे हे दोन वेगळे कळप, एकमेकांची गाठ कधी पडतच नाही. जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत त्या सगळ्या भागात काही ना काही चढत असतं, त्यात ऑगस्ट उत्तम. तिकिटाचे जास्तीचे पैसे दे, दुसरीकडे वाचव.

आता कुठे. अ‍ॅडमिरल्टी, बॅरनॉफ आणि चिचॅगॉफ ह्या तीन मोठ्या बेटांवर फक्त तपकिरी अस्वलं, काळं एकही नाही. केचिकनच्या बाजूला काळी. जूनो मुख्य भूमीवर आहे, तिथे काळी जास्त दिसतात. तपकिरी अस्वल ओळखायचं खांद्यावरच्या उंचवट्यावरून, रंगावर जाऊ नको, काळ्या अस्वलांतही तपकिरी निघतात.

मला सगळ्यात आवडलेली जागा पॅक क्रीक, अ‍ॅडमिरल्टी बेटावर, जूनोहून पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानाने अर्ध्या तासाच्या आसपास. परमिट लागतं, आणि ऐन हंगामात दिवसाला २४ माणसंच. स्टॅन प्राइस नावाचा माणूस तिथे जवळजवळ चाळीस वर्षं राहिला, १९८९ साली गेला, अस्वलांमध्ये हातात काठी घेऊन फिरायचा, त्याच्या नावाने आता ते अभयारण्य आहे. खायचं काही अंगावर ठेवू देत नाहीत, खिशातली खडीसाखरसुद्धा उतरल्या उतरल्या पेटीत बंद. पण तिथे दगडगोट्यांवरून चालावं लागतं आणि शौचालयाची सोय म्हणावी तशी नाही, आईंच्या गुडघ्यांना झेपेल असं मला वाटत नाही.

आईंसाठी जूनोलाच मेंडेनहॉल ग्लेशियरपाशी स्टीप क्रीक आहे, बंदरापासून बसने जाता येतं, लाकडी फळ्यांचा सपाट रस्ता, खालून लालभडक सॉकाय सॅमन जातात आणि काळी अस्वलं पुलाखालून येतात. दिसेलच असं नाही पण खर्चही फार नाही. केचिकनला हेरिंग कोव्ह, तिथे वर हॅचरी (माशांची पिल्लं वाढवायचं केंद्र) आहे त्यामुळे मासा भरपूर आणि अस्वलंही. सिटकाला जुन्या कागद-लगद्याच्या कारखान्याच्या गोल हौदांमध्ये अनाथ पिल्लं वाढवलेली आहेत, ती बंदिस्तच आहेत, आईंना नको असतील तर सोड, पण त्या पिल्लांना नाहीतर मारूनच टाकलं असतं हे त्यांना सांग.

मासेमारीचं: १६ वर्षं आणि त्यावरच्या प्रत्येक पाहुण्याला लायसन लागतं, ७१ असले तरी (ज्येष्ठांची सवलत फक्त अलास्कात राहणाऱ्यांना). एका दिवसाचं १५ डॉलर, तिथल्या फिश अँड गेम खात्याच्या साइटवर मिळतं. किंग सॅमनचा स्टॅम्प (जास्तीचा परवाना) वेगळा, तो घेऊ नको, तिथल्या नद्यांमध्ये तो बहुतेक बंदच असतो. बाबांना आधी सांगून ठेव की गरीला कोळंबी-गांडूळ लावायचं नाही, तिथल्या नद्यांमध्ये बहुतेक काळ आमिषाला बंदी आहे, खोटी माशी किंवा चमकता चमचा (पत्र्याचं खोटं आमिष) लावायचा. आणि नदीत शिरलेला सॅमन काही खातच नाही, चिडून चावतो, त्यामुळे गळ टाकून शांत बसण्यात अर्थ नाही, सारखं फेकायचं आणि ओढायचं.

अजून एक, बाहेरची टूर घेतली तर परत यायची वेळ जहाजाच्या घड्याळाप्रमाणे धर. जहाजवाल्यांकडून घेतलेल्या टूरला उशीर झाला तर ते थांबतात, बाहेरच्यासाठी थांबत नाहीत. धुकं आलं की छोटी विमानं उडत नाहीत, पैसे परत मिळतात का ते लेखी घे.

उत्तर: विवेक (केंट)

मी चंद्रपूरचा आहे. आमच्याकडे मोहाच्या दिवसांत पहाटे फुलं वेचायला गेलेल्या बायकांवर अस्वल हल्ला करतं, चेहरा फाटलेली माणसं मी लहानपणी डोळ्याने पाहिली आहेत, वाघापेक्षा अस्वलाला जास्त भितात लोक. त्यामुळे म्हाताऱ्या माणसांना अस्वलांच्या नदीत उभं करणं मला पटत नाही, स्पष्टच सांगतो. आणि दुसरं, ह्या टूर्समध्ये मासा पकडून परत सोडतात म्हणे, हा काय प्रकार आहे? खायचा असेल तर पकडावा. जो मासा अंडी घालायला मरत मरत वर चाललाय त्याला गंमत म्हणून ओढायचं, हे बरोबर वाटतं का?

उत्तर: संध्या (टकोमा)

विवेक, तू लिहिलंस ते योग्यच आहे, मलाही हे दोन्ही प्रश्न पडले होते.

आपलं अस्वल वाळवी आणि फळं-फुलं खातं, ऐकायला-बघायला कमी, माणूस अचानक समोर आला की घाबरून अंगावर येतं. तिथे ऑगस्टमध्ये नदी माशांनी भरलेली असते, अस्वल पोट भरण्यात गुंतलेलं असतं आणि एकमेकांना पण सहन करतं. तरी ते धोकादायक नाही असं मी म्हणणार नाही. गाइड सतत बोलत चालतो म्हणजे अस्वलाला आधीच कळावं, पळायचं नाही, घोळक्याने राहायचं, त्याच्याकडे अस्वल पळवायचा मिरचीचा स्प्रे असतो. (मेघना, तो स्प्रे स्वतः विकत घेऊन विमानात न्यायला जाऊ नको, सामानातही चालत नाही.) आणि एक नियम ते फार कडक पाळतात, गळाला मासा असताना अस्वल आलं तर दोरी तोडायची. कारण पाण्यात मासा फडफडला की माणसाकडे खाणं आहे हे अस्वल एकदा शिकलं की शेवटी त्या अस्वलालाच गोळी घालावी लागते.

सोडण्याबद्दल म्हणशील तर मी स्वतः एक खाण्यासाठी ठेवायचा आणि थांबायचं असं केलं. पोटुशे मासे मारू नका हे आता आपल्या गावातही चढणीच्या वेळी सांगतात. गाइडला आधी सांगितलं तर तो खाडीच्या तोंडाशी नेतो, तिथला मासा ताजा रुपेरी असतो, वरचा रंग बदललेला मासा खायलाही चांगला लागत नाही. मेघना, जहाजात कच्चा मासा घेऊ देत नाहीत, तिथेच गोठवून घरी कुरियर करणारे असतात.

उत्तर: मेघना (बॉथेल)

मंडळी, परवा परतलो. ऑगस्टमध्येच गेलो, व्हिसा काढला, सगळ्यांचे मनापासून आभार.

केचिकनला धो धो पाऊस, वर्षाला साधारण दीडशे इंच पडतो म्हणे, बाबा म्हणाले हे तर घरीच आलो. हेरिंग कोव्हला आई अर्धा तास कठड्याला धरून उभी होती, बसायला सांगितलं तरी बसली नाही. एक काळं अस्वल आमच्यापासून एवढ्याशा अंतरावर पाण्यात उतरलं, मासा पायाखाली दाबला, पोटावर पंजा ठेवला तशी केशरी अंडी भसकन बाहेर आली, तेवढी चाटून खाल्ली आणि उरलेला मासा तसाच टाकून दुसरा पकडायला गेलं. आई हळूच म्हणाली, "अगं गाबोळीच खातंय ते!" मासा भरपूर असला की ते असंच करतात, सगळ्यात तुपाळ तेवढं घेतात, बाकीचं गरुडांना आणि झाडांना जातं, असं गाइड म्हणाला. काठावर सगळीकडे अर्धवट खाल्लेले मासे, वास असा की आमच्या कपड्यांना अजून येतोय, आईला त्या वासाचं काही वाटलं नाही.

जूनोला बाबा आणि मी छोट्या विमानाने अ‍ॅडमिरल्टीच्या बाजूच्या एका नदीवर गेलो. छातीपर्यंतची रबरी पँट घालून ढोपरभर पाण्यात उभे, खालून मासे पायांना आपटत जात होते, कुबड आलेले पिंक, काहींच्या अंगावर पांढरे चट्टे पडलेले, जिवंतपणीच सडत होते आणि तरी वर चालले होते. बाबा पहिली दहा मिनिटं नुसते बघत उभे राहिले, गळ टाकलाच नाही. मग खाडीच्या तोंडाशी एक रुपेरी मासा ठेवला आणि दोन सोडले. चौथा लागला आणि समोरच्या काठाला झाडीतून तपकिरी अस्वल निघालं, मागे एक पिल्लू. गाइड माझ्याकडे वळून "सांग त्यांना, तोडा" म्हणाला, पण मी मराठीत सांगायच्या आत बाबांनी दोरी हाताला गुंडाळून झटका दिला होता, तळहातावर बारीक चीर पडली. आम्ही तिघं जवळ जवळ उभे राहून हळूहळू मागे काठावर आलो, गाइड नेहमीच्या आवाजात बोलत राहिला, अस्वलाने एकदा बघितलं आणि पाण्यात तोंड घातलं. वीस मिनिटं ती आमच्या समोर होती.

विवेकदादा, बाबांना तुमचा मेल वाचून दाखवला होता. ते म्हणाले की त्याला सांग, मीही तीनच्या वर मासे धरले नसते.

ठेवलेला मासा गोठवून कुरियरने आलाय, शनिवारी तिरफळ घालून कालवण करतेय, जे येणार असतील त्यांनी शुक्रवारपर्यंत कळवा. आईबाबांचे रेनसूट धुऊन ठेवलेत, पुढच्या वर्षी कुणाचे आईवडील जाणार असतील तर माझ्याकडून घेऊन जा, एक मिडियम आणि एक लार्ज आहे.

मेघना