मदत हवी आहे: बोटीला ट्रेलर अ‍ॅल्युमिनियमचा की गॅल्व्हनाइज्ड (जस्त चढवलेलं लोखंड)? (ह्यूस्टन, खारं पाणी)

नमस्कार मंडळी. इथे बोटवाले किती आहेत कल्पना नाही, पण मासेमारीच्या धाग्यावर गॅल्व्हस्टनचे फोटो टाकणारे दोघंतिघं अधूनमधून दिसतात म्हणून विचारतोय.

एक २१ फुटी सेंटर कन्सोल (सुकाणू मधोमध असलेली उघडी बोट) जवळजवळ ठरलीये, सेकंडहँड, फायबरची, मागे यामाहाचं १५० हॉर्सपॉवरचं इंजिन. बोट मस्त आहे पण तिच्याखालचा ट्रेलर पार कामातून गेलाय, नुसता रंग मारलेलं लोखंड, पोकळ चौकोनी नळ्या, स्क्रू ड्रायव्हरने खरवडलं की पापुद्रे निघतात आणि एका ठिकाणी तर आरपार. मालकाने त्याचे पैसे धरलेलेच नाहीत. म्हणजे नवीन ट्रेलर घ्यायचाच आहे आणि तिथेच गाडी अडलीये. एक डीलर म्हणतो खाऱ्या पाण्यात लोखंड ते लोखंडच, त्यावर जस्त चढवा नाहीतर सोनं, अ‍ॅल्युमिनियमच घ्या. दुसरा म्हणतो अ‍ॅल्युमिनियम नुसतं दिसायला, रस्त्यावर लवतं, बोल्ट ढिले होतात, हॉट डिप (वितळलेल्या जस्तात बुडवलेलं लोखंड) घ्या आणि विसरून जा. पहिल्याच्या यार्डात सगळे अ‍ॅल्युमिनियमचे उभे होते आणि दुसऱ्याच्या यार्डात काय होतं ते सांगायला नकोच.

माझी गणितं अशी. बोट रिकामी २५०० पाउंड, इंजिन ४८०, साठ गॅलन पेट्रोल म्हणजे साधारण ३६०, त्यात बॅटऱ्या, नांगर, बर्फाची पेटी आणि बायकोने भरलेलं खाणं धरून २५० तरी, सगळं मिळून ३६०० च्या आसपास. गॅल्व्हनाइज्ड ट्रेलर वजनाला ११०० पाउंडांचा सांगतायत आणि अ‍ॅल्युमिनियमचा ८००. गाडी टोयोटा हायलँडर, हायब्रिड नाही, साधी पेट्रोलवाली, तिची ओढायची मर्यादा ५०००. म्हणजे एकात ४७०० आणि एकात ४४००. दोन्ही बसतंय पण पहिल्यात फारच काठावर. ट्रक घ्या असं कृपया सांगू नका, त्या विषयावर घरात मतदान होऊन गेलंय.

दुसरी भानगड म्हणजे आमचं एचओए (सोसायटी) ड्राइव्हवेत बोट ठेवू देत नाही, त्यामुळे ट्रेलर स्टोरेजमध्ये राहणार आणि तिथे पाण्याचा नळ नाही. बोट उतरवणार मुख्यतः टेक्सास सिटी डाइकच्या रॅम्पवर (पाण्यात उतरणारा उतार), कधीतरी लेक कॉनरो (गोडं पाणी). म्हणजे खाऱ्या पाण्यातून बाहेर काढल्यावर धुणं लगेच होईलच असं नाही. अशा हालतीत कुठला जास्त टिकेल? किमतीत ९०० डॉलरचा फरक पडतोय, अ‍ॅल्युमिनियम महाग. आमच्या मालवणात होड्या वाळूवर ओढून घेतात, ट्रेलर हा प्रकार मी इकडे आल्यावरच पाहिला, तेव्हा अगदी बाळबोध सांगितलं तरी चालेल.

प्रतिसाद (क्लिअर लेक):
दोन्ही वापरलेत. तुम्ही सगळा जीव फ्रेमवर लावलाय पण फ्रेम सगळ्यात शेवटी मरते हो. आधी जातात ब्रेक, मग बेअरिंग, मग स्प्रिंगची पानं आणि त्यांचे यू-बोल्ट, आणि हे सगळं अ‍ॅल्युमिनियमच्या ट्रेलरवरपण लोखंडाचंच असतं, अ‍ॅक्सलसकट. डीलर जेव्हा म्हणतो की हा ट्रेलर गंजणार नाही तेव्हा त्याला खाली वाकून अ‍ॅक्सल दाखवायला सांगा.

तुमच्या केसमध्ये मी अ‍ॅल्युमिनियमच घेईन, पण गंजामुळे नाही, वजनामुळे. ५००० ची गाडी आणि ४७०० चं ओझं म्हणजे आय-४५ हायवेवर पुढच्याने अचानक ब्रेक मारला की घाम फुटतो. घेतल्यावर एकदा टाकी भरून, सगळं सामान टाकून ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर वजन करून घ्या, ब्रोशरमधल्या आकड्यांवर जाऊ नका. हिचवर (गाडीमागचा ट्रेलर जोडायचा सांधा) किती भार येतोय तेपण बघा, बोटीला एकूण वजनाच्या ५ ते १० टक्के बरं पडतं.

आणि ब्रेक. टेक्सासात ४५०० पाउंडांपर्यंत ट्रेलरला ब्रेकची सक्ती नाही, म्हणून कोणीतरी तुम्हाला ४४०० चा हिशोब दाखवून बिनब्रेकचा खपवायला बघेल. अजिबात घेऊ नका. गाडीच्या मॅन्युअलमधला आकडा कायद्याच्या खूप खाली असतो तो वाचा. सर्ज ब्रेक (गाडी थांबताना ट्रेलर पुढे ढकलतो त्या जोराने आपोआप लागणारे), डिस्कवाले, आणि डिस्क-कॅलिपर स्टेनलेसचे मिळाले तर थोडे जास्त पैसे तिथे घाला.

प्रतिसाद (ब्रिस्बेन):
आमच्याकडे उलट चित्र, रॅम्पवर जिकडेतिकडे गॅल्व्हनाइज्डच दिसतात आणि नीट धुतलेले वर्षानुवर्षं चालतात. अर्थात इथे ७५० किलोच्या वर ब्रेक लागतातच आणि लोक मोठ्या गाड्या घेऊन फिरतात, त्यामुळे वजनाचं कोणी मनावर घेत नाही. नळ नसेल तर येताना वाटेत नाणी टाकायचं सेल्फ सर्व्हिस कार वॉश गाठायचं. आतून, खालून, स्प्रिंगच्या पानांमध्ये पाणी मारायचं, वरचा रंग चकाचक करत बसू नका. तसंच रॅम्पवर पोचल्या पोचल्या गरम हब (चाकाचा मधला भाग, यात बेअरिंग असतं) गार पाण्यात घालू नका, आतली हवा आकसते आणि सीलमधून खारं पाणी आत ओढलं जातं. आम्ही तेवढ्यात चहा घेतो.

प्रतिसाद (चाकण):
बोटीतलं मला ओ की ठो कळत नाही पण गॅल्व्हनायझिंगमध्ये पोटापाण्याला आहे म्हणून दोन गोष्टी सांगतो. गॅल्व्हनाइज्ड म्हटलं म्हणजे हॉट डिप असेलच असं नाही. खरं हॉट डिप म्हणजे पूर्ण वेल्डिंग झालेली फ्रेम ४५० डिग्रीच्या आसपास वितळलेल्या जस्तात बुडवतात. आयएसओ १४६१ प्रमाणे ३ ते ६ मिमी जाडीच्या लोखंडावर सरासरी ७० मायक्रॉन आणि ६ च्या वर ८५ मायक्रॉन थर यायला हवा. आधीच पातळ जस्त दिलेल्या पत्र्याच्या नळ्या आणून नंतर वेल्डिंग मारलं असेल तर जोडावरचं जस्त जळून जातं आणि मग वरून चंदेरी स्प्रे. जमलं तर एल्कोमीटर (थराची जाडी मोजायचं यंत्र) लावून बघा, नाहीतर वेल्ड नीट बघा, आजूबाजूच्या रंगापेक्षा वेगळा चकाकत असेल तर समजून जा.

दुसरं, नळीला भोकं आहेत का बघा. बंद नळी जस्तात बुडवताच येत नाही, आत ओल असेल तर वाफेने फुटते, टाकीवरच्या माणसांच्या जिवाशी खेळ आहे तो. म्हणजे भोकं नसतील तर एक तर हॉट डिप नाही किंवा आतली बाजू जस्ताशिवायच राहिलीये. तुमचा जुना ट्रेलर आतूनच गेला असणार. जस्ताचं एक मात्र आहे, ओरखडा पडला तरी शेजारचं जस्त आधी झिजतं आणि लोखंड वाचतं. अ‍ॅल्युमिनियमला ते सुख नाही, उलट स्टेनलेसचा बोल्ट आणि खारं पाणी एकत्र आलं की बोल्टभोवती अ‍ॅल्युमिनियमच खाल्लं जातं, पांढरी भुकटी दिसते ती तीच. मध्ये नायलॉनचे वॉशर आणि इन्सुलेटिंग पेस्ट हवी.

धागाकर्ता:
वा, एवढं तर दोन्ही डीलरांनी मिळून सांगितलं नव्हतं. चाकणवाल्या दादांना विशेष धन्यवाद, काल दुसऱ्या यार्डात परत गेलो आणि आधी भोकंच शोधली, क्रॉस मेंबरना (फ्रेमच्या आडव्या नळ्यांना) एकही नव्हतं, विचारल्यावर माणूस म्हणाला "फॅक्टरीत करतात ते". बरं.

तर अ‍ॅल्युमिनियमकडे झुकतोय, आय-बीमवाला (पोकळ नळ्यांऐवजी इंग्रजी I आकाराच्या तुळया), सगळं उघडं दिसतंय, पाणी साठायला जागाच नाही. अजून एक विचारतो, टॉर्शन अ‍ॅक्सल (स्प्रिंग अ‍ॅक्सलच्या आतच बंद असते तो) घ्यावा की पानांची स्प्रिंग? टॉर्शनवाला रस्त्यावर मऊ जातो म्हणे. आणि बोट ज्या लाकडी फळ्यांवर टेकते त्या प्रेशर ट्रीटेड (कुजू नये म्हणून रसायन मुरवलेल्या) आहेत, त्याचं काही?

प्रतिसाद (क्लिअर लेक):
टॉर्शन मऊ जातो खरं, पण आतून गंजला तर बाहेरून कळत नाही आणि गेला की अख्खा अ‍ॅक्सल बदला. स्प्रिंग डोळ्यांना दिसते, पान तुटलं तर शनिवारी सकाळी स्वतः बदलता येतं. नळ नाही म्हणताय तर स्प्रिंगच घ्या. फळ्यांचं बरं विचारलंत. हल्लीच्या ट्रीटेड लाकडात तांबं असतं आणि ते अ‍ॅल्युमिनियमला खातं, वर कार्पेट असलं तरी ओल राहिली की खातंच. तुमची बोट फायबरची म्हणून वाचेल पण खालचे ब्रॅकेट अ‍ॅल्युमिनियमचे असतात. ब्रॅकेट आणि लाकडाच्या मध्ये प्लॅस्टिकची पट्टी टाकायला सांगा, ऑर्डर देतानाच सांगा, नंतर बोट चढवल्यावर ते काम कोणी करत नाही.